विणकराशिवाय विणले जाणारे जाळे

रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरून त्यातील एखादी जिवंत पांढरी पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहत राहिले, तर काही मिनिटांतच तिचा आकार बदलू लागलेला दिसतो. ज्या बाजूला जिवाणू असेल त्या बाजूला ती पापुद्र्यासारखी पातळ कड पुढे काढते, ती कड काचेला चिकटते, मागचा भाग आखडून पुढे ओढला जातो आणि पुन्हा नवी कड बाहेर येते. पेशीला हातपाय नाहीत, हाडे नाहीत. तिची कड ज्याच्या जोरावर पुढे ढकलली जाते ते म्हणजे प्रथिनांच्या तंतूंचे दाट जाळे होय. त्यातील एकेक तंतू सुमारे ७ नॅनोमीटर जाडीचा असतो. माणसाच्या एका केसाच्या जाडीत असे दहा हजार तंतू शेजारीशेजारी मावतील. हे जाळे पुढच्या बाजूला सतत नव्याने विणले जाते, मागच्या बाजूला सतत उसवले जाते, आणि उसवलेला माल पुन्हा पुढे वापरला जातो.

जाळे म्हटले की ते विणणारा हातही असणार, असे आपण सवयीने धरून चालतो. पेशीत असा हात नाही आणि कोणता तंतू कोठे जावा हे सांगणारा नकाशाही नाही. तिथे आहेत ते फक्त पाण्यात धक्के खात फिरणारे रेणू. तरीही एका पेशीत कडेला फांद्याफांद्यांचे जाळे तयार होते, त्याच पेशीत थोड्या अंतरावर समांतर तंतूंच्या घट्ट जुड्या बनतात आणि पेशी दुभंगण्याच्या वेळी तिच्या कमरेभोवती तंतूंचे कडे आवळले जाते. या सर्व रचनांतील मुख्य प्रथिन एकच असते, ते म्हणजे अ‍ॅक्टिन. मग फरक पडतो तो कशाने? गेल्या ऐंशी वर्षांच्या संशोधनातून मिळालेले उत्तर मला स्वतःला फार सुंदर वाटते: तंतू कोठे सुरू होतो, त्याची वाढ कधी थांबते आणि तो कधी मोडतो, या घटनांचे वेग काही मोजकी प्रथिने ठरवतात, आणि त्या वेगांच्या मेळातून जाळ्याचा आकार आपोआप निघतो.

पेशीच्या सांगाड्यात अ‍ॅक्टिनखेरीज आणखी दोन प्रकारचे तंतू असतात, त्यांची ओळख थोडक्यात करून देतो. ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनापासून बनलेल्या २५ नॅनोमीटर जाडीच्या पोकळ नळ्या पेशीत मालवाहतुकीचे रूळ म्हणून वापरल्या जातात, आणि पेशी दुभंगताना गुणसूत्रे दोन्हीकडे ओढण्याचे कामही त्याच करतात. आपल्या अंगणातील सदाफुलीपासून मिळणारी कर्करोगावरील औषधे आणि सह्याद्रीत पावसाळ्यात फुलणाऱ्या कळलावीतील कोल्चिसीन हे विषारी द्रव्य, ही दोन्ही याच ट्युब्युलिनला चिकटून नळ्या बनू देत नाहीत. दुसरा प्रकार सुमारे १० नॅनोमीटर जाडीच्या, दोरखंडासारख्या चिवट तंतूंचा असून त्वचेतील केराटिन त्यात मोडते. केराटिनच्या विशिष्ट जनुकांत दोष असल्यास साध्या घर्षणानेही कातडीवर फोड येतात. हे दोन्ही विषय स्वतंत्र लेखांचे आहेत. जाळे घडण्याची प्रक्रिया सर्वांत बारकाईने उलगडली गेली आहे ती अ‍ॅक्टिनची, म्हणून इथे तिच्याकडेच वळतो.

ही कथा पेशीच्या कडेपाशी सुरू होत नाही, ती स्नायूत सुरू होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हंगेरीतील सेगेद येथे आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांच्या प्रयोगशाळेत सशाच्या स्नायूतून मायोसिन हे प्रथिन काढण्याचे काम चालले होते. स्नायूचा लगदा क्षारयुक्त पाण्यात थोडाच वेळ ठेवला तर पातळ द्रव मिळे. इलोना बांगा या संशोधिकेने तो रात्रभर तसाच ठेवला तेव्हा सकाळी द्रव दाट आणि चिकट झालेला आढळला. त्या दाट द्रवात पेशीचे इंधन असलेले एटीपी मिसळताच तो पुन्हा पातळ होई. याच दाट द्रावापासून बारीक धागे ओढून सेंट-ग्यॉर्गी यांनी ते काचेवर ठेवले आणि त्यांवर स्नायूचा उकळलेला रस सोडला, तेव्हा ते धागे डोळ्यांदेखत आखडले. जिवंत स्नायूची हालचाल शरीराबाहेर, काचेवर, निव्वळ प्रथिनांत घडताना पाहणे हा आपल्या आयुष्यातील बहुधा सर्वांत रोमांचक क्षण होता, असे त्यांनी पुढे लिहिले.

द्रव दाट करणारे ते दुसरे प्रथिन कोणते, याचा शोध त्याच प्रयोगशाळेतील ब्रूनो श्ट्राउब यांनी १९४२ साली लावला. मायोसिन काढून घेतल्यावर उरलेला स्नायूचा चोथा त्यांनी अ‍ॅसिटोनने धुऊन वाळवला आणि त्या भुकटीतून पाण्यात उतरणारे प्रथिन वेगळे केले. ते मायोसिनला कार्यप्रवृत्त करते म्हणून त्याला अ‍ॅक्टिन हे नाव मिळाले. थोडेफार बदल सोडले तर आजही जगभरातील प्रयोगशाळांत अ‍ॅक्टिन याच रीतीने मिळवतात: स्नायू, अ‍ॅसिटोन, वाळवलेली भुकटी, थंड पाणी. हे द्रावण गाळून घेतले की ते पाण्यासारखे पातळ आणि स्वच्छ दिसते, कारण त्यात अ‍ॅक्टिनचे सुटे रेणू असतात. त्यात पोटॅशियम क्लोराइड आणि थोडे मॅग्नेशियम, म्हणजे पेशीत असतात तेवढे क्षार, मिसळले की काही वेळाने कुपी वाकडी करताना द्रव जड वाटू लागतो, आणि प्रथिन पुरेसे दाट असेल तर आत अडकलेला हवेचा बुडबुडा वर येता येता मध्येच थबकतो. सुटे रेणू एकमेकांना जोडले जाऊन लांब तंतू तयार झाल्याची ती खूण होय.

‘काही वेळाने’ या शब्दांत या साऱ्या विषयाची किल्ली आहे. क्षार मिसळताक्षणी तंतू वाढू लागत नाहीत. आधी काहीच न घडण्याचा एक काळ जातो आणि मग वाढ एकदम वेग घेते. खडीसाखर कशी करतात हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना याचे कारण लगेच उमगेल. साखरेचा दाट पाक नुसता ठेवला तर बराच वेळ तसाच राहतो, पण त्यात दोरा सोडला की दोऱ्याभोवती खडे धरू लागतात. पाकात साखर भरपूर असते. कमी असतो तो आरंभ. अ‍ॅक्टिनचेही तसेच आहे. दोन रेणू एकत्र आले तर ते जवळजवळ लगेच सुटतात. तिसरा येऊन बसला की ते त्रिकूट थोडे टिकते, चौथ्यानंतर त्याचा तंतू होतो आणि मग एकामागून एक रेणू भराभर जोडले जातात. म्हणजे वाढ सोपी असते आणि सुरुवात अवघड. जपानमध्ये नागोया येथे फुमियो ओसावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या सुमारास ही गोष्ट गणिताने आणि प्रयोगाने दाखवून दिली.

पेशीच्या दृष्टीने ही अडचण नसून सोय आहे. तंतू आपणहून सहजासहजी सुरू होत नसतील, तर त्यांचा आरंभ कोठे आणि केव्हा करायचा हे पेशीच्या ताब्यात राहते. अर्थात त्यासाठी सुट्या अ‍ॅक्टिनला आवरूनही धरावे लागते. शुद्ध अ‍ॅक्टिनच्या द्रावणात तंतू टिकण्यासाठी लिटरमागे सुमारे ०.१ मायक्रोमोल सुटे अ‍ॅक्टिन पुरते; पुष्कळशा पेशींत मात्र अ‍ॅक्टिनचे एकूण प्रमाण १०० मायक्रोमोलच्या आसपास किंवा त्याहून अधिक असते. इतके सगळे मोकळे सोडले असते तर पेशी तंतूंनी गच्च भरून थिजली असती. म्हणून प्रोफिलिन आणि थायमोसिन ही लहान प्रथिने सुट्या रेणूंना धरून ठेवतात. अशा प्रकारे पेशीत नेहमीच दाट पाक तयार असतो, पण दोरा मात्र ती सांगेल तिथेच पडतो.

आता एकच तंतू जवळून पाहू. अ‍ॅक्टिनचा प्रत्येक रेणू ३७५ अमिनो आम्लांचा बनलेला असतो, आणि तो जोडला गेला की तंतूची लांबी २.७ नॅनोमीटरने वाढते. सर्व रेणू एकाच दिशेला तोंड करून बसत असल्याने तंतूची दोन टोके सारखी नसतात. मायोसिनचे तुकडे तंतूवर चिकटवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर बाणांच्या अग्रांची माळ दिसते. त्यावरून एका टोकाला काटेरी टोक आणि दुसऱ्याला अणकुचीदार टोक म्हणतात. याच बाणांच्या खुणेने १९६९ साली हेही सिद्ध झाले की स्नायू नसलेल्या साध्या पेशींतही असेच तंतू असतात. वाढ मुख्यतः काटेरी टोकाला होते. सुटे अ‍ॅक्टिन १० मायक्रोमोल असेल तर तिथे सेकंदाला शंभराहून अधिक रेणू जोडले जातात, म्हणजे तंतू मिनिटाला सतरा-अठरा मायक्रोमीटर वाढू शकतो.

रेणू जोडला जाताना त्याच्या पोटात एटीपी असते. जोडला गेल्यावर काही सेकंदांत ते फुटते, त्यातील फॉस्फेट काही मिनिटांनी बाहेर पडते आणि मागे एटीपीचे एक फॉस्फेट गमावलेले रूप, म्हणजे एडीपी, राहते. ही जणू प्रत्येक रेणूवरची वयाची खूण असते: टोकाजवळचे रेणू ताजे, मागचे जुने. परिणामी काटेरी टोकाला रेणू जोडले जात असताना दुसऱ्या टोकाचे जुने रेणू सुटत राहतात आणि एका ठरावीक प्रमाणाला तंतूची लांबी कायम राहूनही त्यातील रेणू बदलत जातात. देवळाच्या दर्शनबारीची कल्पना करा, पण अशी की रांगेतील कोणीही पाऊल उचलत नाही. मागे नवी माणसे येऊन उभी राहतात आणि पुढची एकेक करून निघून जातात. एकही माणूस न हलता ती रांग सबंधच्या सबंध मागच्या दिशेने सरकत जाईल. तंतूही असाच जागच्या जागी राहून सरकतो. हे वर्तन आल्ब्रेख्ट वेग्नर यांनी १९७६ साली दाखवले. कोफिलिन नावाचे प्रथिन तर ही वयाची खूण ओळखून फक्त जुन्या भागांना धरते आणि ते तोडते, त्यामुळे उसवण्याचे काम फार वेगाने होते आणि ते योग्य जागीच होते.

तथापि एकेरी तंतू म्हणजे जाळे नव्हे. जाळे कसे बनते याचा धागा १९९४ साली एका मातीतल्या अमीबात सापडला. थॉमस पोलार्ड यांच्या प्रयोगशाळेत लॉरा मॅचेस्की आणि सहकारी दुसऱ्याच एका प्रथिनाला चिकटणारे रेणू शोधत होते, तेव्हा सात प्रथिनांचा एक संच त्यांच्या हाती लागला. त्यातील दोन प्रथिने अ‍ॅक्टिनसारखी दिसणारी, जणू त्याची भावंडेच होती. त्या दोघांवरून या संचाला ‘आर्प २/३’ हे नाव मिळाले (आर्प म्हणजे ‘अ‍ॅक्टिनशी नाते असलेले प्रथिन’ या अर्थाच्या इंग्रजी नावाचे लघुरूप). तो आधीच्या तंतूच्या अंगाला चिकटतो आणि ती दोन भावंडे शेजारीशेजारी येऊन नव्या तंतूच्या पहिल्या दोन रेणूंची जागा घेतात. सुरुवातीची अवघड पायरी अशी टळते आणि जुन्या तंतूच्या अंगातून सुमारे ७० अंशांच्या कोनात नवी फांदी फुटते. हा संच एरवी झोपलेला असतो. पेशीपटलाच्या आतल्या बाजूला असणारी प्रथिने, बाहेरून संदेश आल्यावर, त्याला जागे करतात. म्हणून फांद्या पेशीत कोठेही फुटत नाहीत, त्या पटलाच्या लगतच फुटतात.

हे चित्र प्रत्यक्ष पेशीत दिसते का? तात्याना स्वितकिना आणि गॅरी बोरिसी यांनी झेनोपस जातीच्या बेडकाच्या त्वचेतील झपाट्याने सरकणाऱ्या पेशी घेतल्या, डिटर्जंटने त्यांचे पटल विरघळवले आणि उरलेल्या सांगाड्यावर प्लॅटिनमचा पातळ थर चढवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या छायाचित्रांत कडेलगत बाभळीच्या काटेरी कुंपणासारखी रचना दिसते: आखूड तंतू, त्यांना इंग्रजी वाय अक्षरासारख्या फांद्या, वाढणारी टोके सगळी कडेकडे, आणि सांध्यांत आर्प २/३. विषय समजावून घेणाऱ्याने त्या चित्रांपैकी एक तरी सावकाश पाहावे असे मी आग्रहाने सांगेन, कारण पाठ्यपुस्तकातील नीटनेटकी रेखाकृती आणि ती दाट गुंतागुंत यांत फार अंतर आहे.

इथे एक शंका येते. तंतूचे टोक पटलाला टेकले असेल तर नवा रेणू मध्ये शिरणार कसा? जागाच नाही. उत्तर असे की त्या आकाराच्या जगात काहीच स्थिर नसते. उष्णतेमुळे पाण्याचे रेणू सतत धडका देत असतात, त्यामुळे पटल थरथरते आणि तंतूही वाकतो. एखाद्या क्षणी दोघांत तीनेक नॅनोमीटरची फट पडते, तेवढ्यात रेणू जोडला गेला की पटलाला मागे यायला जागा उरत नाही. विहिरीच्या रहाटाला मागे फिरू न देणारी खुंटी असते, तसे हे काम आहे: धक्के दोन्ही दिशांना बसतात, पण परतीची वाट बंद होत जाते. १९९३ साली हे गणित मांडले गेले. एका तंतूचा रेटा काही पिकोन्यूटनच (बलाचे अतिसूक्ष्म एकक) असतो, पण शेकडो तंतू एका वेळी रेटू लागले की पटल पुढे सरकते.

या सर्व कल्पनांची सर्वांत मोठी कसोटी एका रोगजंतूने घेऊन दिली. लिस्टेरिया हा दूषित अन्नातून पोटात जाणारा जिवाणू आपल्या पेशीत शिरतो आणि आत वेगाने फिरू लागतो. १९८९ साली लुईस टिल्नी आणि डॅनियल पोर्टनॉय यांनी दाखवले की त्याच्या मागे अ‍ॅक्टिनची शेपटी असते. सूक्ष्मदर्शकातून पाहिले तर प्रत्येक जिवाणू म्हणजे लहानसा धूमकेतूच वाटतो: पुढे काळा ठिपका, मागे चमकणारा लांब पिसारा. विषारी अळंबीतून काढलेले फॅलॉइडिन फक्त अ‍ॅक्टिनच्या तंतूंनाच चिकटते, त्याला चमकणारा रंग जोडला की ही शेपटी अशी उजळून निघते. ज्युली थेरिओ आणि टिमथी मिचिसन यांनी १९९२ साली आणखी बारकाईने पाहिले. त्यांनी शेपटीच्या एका जागेवर प्रकाशाने खूण केली, तेव्हा खूण जिथल्या तिथे राहिली आणि जिवाणू तिच्यापासून दूर निघून गेला. म्हणजे शेपटी जिवाणूबरोबर चालत नव्हती; ती त्याच्या पाठीमागे नव्याने घडत होती, आणि तिच्या वाढीचाच वेग हा त्याचा वेग होता. जिवाणू स्वतः अ‍ॅक्टिन बनवत नाही. तो आपल्या अंगावर फक्त एक प्रथिन मिरवतो, जे आपल्या पेशीतील आर्प २/३ ला जागे करते. बाकीचा सर्व माल आणि सर्व कष्ट आपल्या पेशीचे.

या चोरीतून संशोधकांना एक मोठी संधी मिळाली. जिवाणूला पुढे जाण्यासाठी पेशीतील नेमक्या कोणत्या वस्तू लागतात, हे एकेक वस्तू वेगळी करून तपासता येणार होते. १९९९ साली फ्रान्समधील मारी-फ्रान्स कार्लिए यांच्या गटाने पेशी पूर्णपणे बाजूला ठेवली आणि शुद्ध केलेली प्रथिने मोजून मिसळली: अ‍ॅक्टिन, आर्प २/३, जुने तंतू मोडणारे कोफिलिन, वाढणाऱ्या टोकावर टोपी बसवून वाढ थांबवणारे प्रथिन, आणि इंधन म्हणून एटीपी. त्यात जिवाणू सोडले आणि ते चालू लागले. प्रोफिलिनसारखी आणखी प्रथिने घातल्यावर गती सुधारली, पण त्यांच्यावाचून अडले नाही. पाठोपाठ असेही दिसले की जिवाणूचीही गरज नाही. त्याच्या अंगावरचे ते प्रथिन प्लॅस्टिकच्या अतिसूक्ष्म मण्यावर चोपडले तर मणीही पेशीच्या अर्कात धावतो.

तो मणी कसा धावू लागतो हे मुद्दाम सांगण्यासारखे आहे. मणी चहूबाजूंनी सारखा असतो, त्यामुळे सुरुवातीला त्याच्याभोवती सगळीकडून सारखेच अ‍ॅक्टिनचे जाळे वाढते आणि मणी चमकत्या ढगात बुडून स्थिर राहतो. नवे जाळे मण्याच्या पृष्ठभागालाच तयार होत असल्याने आधीचे जाळे बाहेर ढकलले जाते आणि ताणले जाते. ताण वाढत वाढत ढग एका बाजूला उकलतो, एखादे पक्व बोंड तडकावे तसा. त्या फटीतून मणी बाहेर सटकतो, आणि मागे राहिलेला ढग त्याची शेपटी होतो. कोणती बाजू फुटेल हे आधी कोणीही ठरवलेले नसते. दिशा नसलेल्या वस्तूला दिशा मिळते, तीही निव्वळ ताणामुळे.

टोपी बसवणाऱ्या प्रथिनाचा उल्लेख ओझरता गेला, पण माझ्या मते सगळ्या यादीत तेच सर्वांत अधिक शिकवणारे आहे. वाढ थांबवणारे प्रथिन गतीसाठी आवश्यक का असावे? ते मिश्रणातून कमी केले तर मण्याभोवती जाळे बनण्याऐवजी लांब तंतूंच्या जुड्या बाहेर पडतात आणि मणी चांदणीसारखा दिसू लागतो. टोप्या भरपूर असतील तर प्रत्येक तंतू थोडा वाढून थांबतो, सुटे रेणू उरतात, ते नव्या फांद्यांच्या कामी येतात आणि आखूड फांद्यांचे गच्च जाळे तयार होते. आखूड तंतू वाकत नाहीत म्हणून रेटा चांगला देतात. द्राक्षबागेत छाटणी केली की बगलफुटी जोमाने येतात, हे नाशिककडच्या शेतकऱ्याला सांगावे लागणार नाही. प्रथिने जवळपास तीच असतात. एका घटनेचा वेग कमीजास्त केला की तंतूंची मांडणी पालटते. पेशीला वेगवेगळ्या रचनांसाठी वेगवेगळे नकाशे का लागत नाहीत, याचे हे प्रत्यक्ष दिसणारे उत्तर आहे.

जाळे बनल्यावर ते किती मजबूत आहे हा वेगळा अभ्यास आहे, आणि त्यात भौतिकशास्त्रज्ञ उतरले. तंतूंना एकमेकांशी बांधणारी प्रथिने इथे महत्त्वाची ठरतात. फॅसिन तंतूंना समांतर धरून घट्ट जुडी करते. फिलामिन हे लवचीक असून एकमेकांना ओलांडणाऱ्या तंतूंना छेदाशी धरते. फिलामिन नसलेल्या मानवी पेशींचे पटल जागोजागी फुगून फोड आल्यासारखे दिसते आणि त्या नीट सरकू शकत नाहीत, असे १९९२ साली आढळले. अशी बांधलेली जाळी दोन तबकड्यांच्या मध्ये ठेवून पिळली तर ती थोड्या पिळाला सैल वाटतात, पण पीळ वाढवला की अधिकाधिक ताठ होत जातात. वाळत घालायची दोरी ढिली असताना बोटाने सहज हलते, ताणली की हाताला लागते, तसेच इथे घडते: उष्णतेने नागमोडी झालेले तंतू आधी सरळ होतात आणि सरळ झाल्यावर आणखी ताणले जायला नकार देतात. पेशीला याचा उपयोग उघड आहे, कारण थोड्या दाबाला तिला मऊ राहायचे असते आणि जास्त ओढीला फाटायचे नसते.

२०१६ साली अमेरिकेत झालेला एक प्रयोग तर थक्क करणारा आहे. काचेवर फांद्यांचे जाळे वाढू दिले आणि त्यावर अतिसूक्ष्म पट्टीने हळूहळू भार वाढवला. भार वाढला तशी वाढ मंदावली, हे अपेक्षितच होते. पण त्याबरोबर जाळे अधिक दाट होत गेले आणि त्याची ताकदही वाढली. कोणी सूचना दिली नव्हती, मिश्रणात नवे प्रथिन घातले नव्हते. भाराखाली टोकांना टोप्या बसण्याचा वेग घटतो आणि फांद्या फुटणे मात्र चालू राहते, त्यामुळे त्याच जागेत अधिक तंतू साठतात. ज्याला अधिक ओझे उचलायचे आहे ते जाळे ओझ्यामुळेच अधिक भक्कम होते.

ही यंत्रणा बिघडली तर काय होते, याचे एक उदाहरण बालरोगतज्ज्ञांना परिचित आहे. विस्कॉट-आल्ड्रिच हा दुर्मीळ आनुवंशिक आजार बहुतेक करून मुलग्यांना होतो. त्यात वारंवार जंतुसंसर्ग, इसब आणि रक्तस्राव होतो. या आजारातील सदोष जनुक १९९४ साली सापडले तेव्हा त्याचे काम कोणालाच माहीत नव्हते. पुढे कळले की त्यापासून बनणारे प्रथिन रक्तपेशींत आर्प २/३ ला जागे करते. ते नसले की पांढऱ्या पेशींना कड नीट काढता येत नाही आणि परस्परांना घट्ट भिडून संदेश देणेही जमत नाही. अमीबात सापडलेला सात प्रथिनांचा संच आणि आजारी मूल यांचा संबंध असा जुळला.

भारतात या विषयावर मोलाचे काम झाले आहे. बेंगळुरू येथे सत्यजित मेयर आणि मदन राव यांनी जीवशास्त्र आणि भौतिकशास्त्र एकत्र आणून दाखवले की पटलाखालील अ‍ॅक्टिनचे आखूड तंतू मायोसिनच्या ओढीने चांदण्यांसारखे एकत्र येतात आणि पटलावरील काही प्रथिनांना आपल्याबरोबर ओढून त्यांचे लहान पुंजके करतात. म्हणजे जाळे केवळ रेटत आणि आधार देत नाही, ते पटलावर कोण कोणाशेजारी बसेल हेही ठरवते.

सध्या अभ्यासकांना खुणावणारा प्रश्न वाटपाचा आहे. आर्प २/३ खेरीज फॉर्मिन नावाची प्रथिनेही तंतू सुरू करतात, पण त्यांची रीत निराळी असते: ती वाढत्या टोकावर बसून राहतात, टोपी बसू देत नाहीत आणि तंतूला फांदीविना सरळ लांबवतात. एका प्रकारच्या यीस्टमध्ये आर्प २/३ बाहेरून अन्न आत घेणारे ठिपके बनवते आणि फॉर्मिन पेशी दुभंगणारे कडे आणि लांब दोर बनवते. अ‍ॅक्टिनचा साठा मात्र दोघांसाठी मिळून एकच आहे. संशोधकांनी औषधाने आर्प २/३ बंद पाडले तेव्हा ठिपके नाहीसे झाले आणि थोड्याच वेळात फॉर्मिनचे तंतू पेशीभर, नको तिथेही, माजले. सुट्या रेणूंना धरून ठेवणारे प्रोफिलिन या स्पर्धेत तटस्थ नसते. ते फॉर्मिनच्या बाजूने झुकते आणि फांद्यांना आळा घालते. त्याचे प्रमाण थोडे इकडेतिकडे केले की यीस्टच्या त्याच पेशीत त्याच अ‍ॅक्टिनपासून कधी दोर अधिक बनतात, तर कधी ठिपके.